नमुना घेणाऱ्याची सही

"बाटली मेधाकडे दे आणि तू इकडे येऊन लेबलं लिही."

सर एवढंच म्हणाले. मी विहिरीच्या काठावर उभी होते. हातात दोरी, दोरीला वजन लावलेली बाटली. खाली पाणी दिसत होतं. शेवगाव तालुका, एप्रिल महिना आणि विहिरीत पाणी. पाणलोटाच्या कामाचं यश ते. आम्ही तेच मोजायला आलो होतो. मी पुण्यात पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी. करत होते, दुसरं वर्ष. बंधारे झाल्यावर विहिरींचं पाणी कसं बदललं, हा माझा प्रबंध, आणि सर त्याचे मार्गदर्शक. मेधा माझी वर्गमैत्रीण. तिचा विषय माती. ती नुसती सोबत आली होती.

त्याआधी विहिरीच्या मालकांनी, तात्यांनी, मला गाव विचारलं. पाथर्डीकडचं, मी म्हटलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. वडील काय करतात? ऊसतोडीला जातात. पुढचं विचारायची त्यांना गरज पडली नाही. तात्या पाणलोट समितीचे अध्यक्ष, बोलायला गोड माणूस. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. सरांना बाजूला घेतलं. मला ऐकू येईल एवढंच बाजूला.

"सर, आमचं काय न्हाई हो. पन घरात म्हातारी मानसं हायेत, देवाला ह्याच हिरीचं पानी लागतं. त्या दुसऱ्या मॅडमनी काढलं तर लई बरं हुईल."

सरांनी मान हलवली. लगेच.

मला राग आला, असं इथे लिहायला हवं. नाही आला. काहीच आलं नाही. मी दोरी मेधाच्या हातात दिली आणि लिंबाखाली जाऊन बसले. विहीर क्रमांक सात. तारीख. वेळ. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. त्याची मला आजही लाज वाटते.

मेधाला विहिरीत वाकायची भीती वाटत होती. जन्मभर नळाचं पाणी, तिचा काय दोष. शेवटी तात्यांच्या गड्याने बादलीने पाणी शेंदलं आणि तिने त्या बादलीतून बाटली भरली. वरून, खळखळ ओतत. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर बाटलीत एक बुडबुडासुद्धा जाता कामा नये, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. बाहेरची हवा मिसळली की आकडा खोटा येतो. मी बसल्या जागेवरून पाहिलं. बोलले नाही. सरांनीही पाहिलं. तेही बोलले नाहीत.

मग चहा आला. कप सगळ्यांसारखाच होता, खोटं कशाला सांगू. फक्त पिऊन झाल्यावर माझा कप मीच विसळून भिंतीवर पालथा ठेवायचा, हे तात्यांच्या सुनेने नुसत्या नजरेने सांगितलं. मी ठेवला.

परतताना जीपमध्ये सर शाश्वत विकासावर बोलत होते. तो शब्द तेव्हा नवा होता आणि सरांना फार आवडायचा. पाणी, जमीन, हवा यांत सगळ्यांचा वाटा सारखा, असं काहीतरी. मेधा बाहेर बघत होती. मी वहीत उतरवून घेतलं. सवयच होती.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेतले आकडे आले. प्रत्येक विहिरीचा एक कागद, आणि कागदाच्या तळाशी एक रकाना: नमुना घेणाऱ्याची सही. ज्याने पाणी काढलं त्यानेच ती करायची. आपण पाणी नीट काढलं, याची ती हमी असते. बारा विहिरींचे बारा कागद. अकरांवर मी सही केली. सातव्यावर पेन टेकवलं आणि उचललं.

सरांना सांगितलं, हा नमुना मी घेतलेला नाही, आणि तो चुकीचा घेतलाय. सर म्हणाले, बंधाऱ्याखालची पहिली विहीर आहे ती. ती काढली तर तुझ्या प्रबंधात उरतं काय? त्यांचं खरं होतं. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आपण पाण्याचा अभ्यास करतोय, जातीचा नाही. सही कर."

मी कागद घेऊन गावी गेले. आईबाप नुकतेच तोडीवरून परतले होते. आई म्हणाली, कर की, एका सहीनं काय झिजतंय तुझं. तिला मी नावं ठेवणार नाही. जन्मभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिने खाल्ला, त्यातूनच मी शिकले.

बापाने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"आमी मुकादमाच्या कागदावर अंगठं देत आलो," तो म्हणाला. "वर काय लिव्हलंय त्ये म्हाईत नसायचं. तुला तर समदं म्हाईत हाय."

सही कर म्हणाला नाही. नको करू, असंही म्हणाला नाही. उठला आणि शेळ्यांना पाणी पाजायला गेला.

तेव्हा कुठे राग आला. पंधरा दिवस उशिरा, आणि पहिला माझाच. तात्यांनी मला विहिरीवरून उठवलं होतं, एवढंच. सही केली असती तर मी तिथे होते, मीच पाणी काढलं, मला कोणी अडवलं नाही, असं मी माझ्या हाताने लिहून दिलं असतं. त्यांचं अर्धं राहिलेलं काम मी पुरं केलं असतं. तेही सुरेख अक्षरात.

पुण्याला जाऊन त्या रकान्यात आडवी रेघ मारली. खाली इंग्रजीत लिहिलं की संशोधिकेला तिच्या जातीमुळे या विहिरीतून पाणी काढू दिलं नाही, म्हणून हा नमुना ग्राह्य धरू नये. सरांनी ते दोनदा वाचलं.

"मग प्रबंधावर माझीही सही मिळणार नाही," ते म्हणाले.

शब्दाला जागले. माझं वर्ष गेलं. दुसऱ्या मार्गदर्शकांकडे अकरा विहिरींवर प्रबंध केला, सेकंड क्लास मिळाला. सातव्या विहिरीचा आकडा सरांनी आपल्या लेखात वापरला. त्यासाठी नवा कागद केला होता, त्यावर मेधाची सही होती. तिने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आज माझी नोकरी पाण्याचे नमुने घेण्याचीच आहे. अजूनही एखाद्या गावात कोणीतरी आडनाव विचारतं. मी सांगते. मग तिथे पाण्याला हात लावू दिला नाही, तर मी दुसऱ्याकडून बाटली भरून घेत नाही. त्या गावाचा आकडा अहवालात कोरा जातो. तो का कोरा आहे ते मी खाली लिहिते, विहिरीच्या मालकाच्या नावासकट, आणि त्या ओळीखाली सही करते.