माशीचं काजळ

आमच्या ह्यांना फौजेनं दोन गोष्टी शिकवल्या, बंदूक दुरुस्त करायची आणि तोंड बंद ठेवायचं. बंदुकीचं काम शिकायला काही वर्षं लागली असतील, तोंडाचं पहिल्याच दिवशी जमलं असावं. सव्वीस वर्षं पलटणीत काढून घरी आले ते बोलणंसुद्धा रेशनवर घेऊन आले. भाजीत मीठ कमी पडलं तर "मीठ" म्हणतात. जास्त झालं तरी "मीठ"च म्हणतात. कुठलं मीठ ते मी ओळखायचं. सदतीस वर्षांच्या संसारात मी बहुतेक वेळा बरोबर ओळखलं. गेल्या माघात एकदा चुकले, त्याची ही गोष्ट.

ह्यांचं नाव हावगेप्पा. गाव आळंद तालुक्यातलं खजुरी. एकोणिसाव्या वर्षी भरती झाले ते शिपाई म्हणून नव्हे, आर्मोरर म्हणून. म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. खजुरीत अजूनही ह्यांना 'बंदूक मिस्त्री'च म्हणतात. पेन्शनीत आल्यावर आम्ही हुमनाबादला घर केलं आणि ह्यांनी बसस्टँडच्या रस्त्याला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. मशीन घेऊन आलेल्या बायका तासभर आपली कहाणी सांगतात, हे "हं" म्हणतात, आणि बायका खूश होऊन जातात. घरी तेच "हं" ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पलटणीत नेमबाजीच्या मॅच व्हायच्या. मॅचच्या सकाळी सगळ्या नेमबाजांच्या बंदुका ह्यांच्यापुढे रांगेत यायच्या, आणि हे एकेक तयार करून द्यायचे. त्या चमूचा एक फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. मधोमध कप, आजूबाजूला आठ नेमबाज, सगळ्यांच्या मिशा पिळलेल्या. ह्यात तुम्ही कुठं, असं मी लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "फोटो काढणाऱ्याच्या मागं." एवढंच. पण तो फोटो दर दिवाळीला स्वतः पुसतात, मला हात लावू देत नाहीत. मी काय समजायचं ते समजले होते. ह्या माणसाला आयुष्यात एकदा स्वतःच्या नावानं मॅच खेळायची होती.

हुमनाबादच्या बाहेर एक छोटा रायफल क्लब निघाला आणि तिथल्या बंदुकांची देखभाल ह्यांच्याकडे आली. क्लबचा सेक्रेटरी मृत्युंजय, आमच्याच गल्लीतला, चाळिशीचा, ह्यांच्या उलट अखंड बोलणारा. एक दिवस त्यानंच घरी येऊन सांगितलं, "अक्का, कलबुर्गीला मॅच हाय. साठीच्या वरच्यांचा गट हाय, उघड्या माशीचा. दुर्बीण न्हाई, काच न्हाई, नुसता डोळा. यंदाचा शेवटचा म्हणायल्यात, फुडच्या सालापासून हा गट बंद. दोनशेपैकी दीडशे मारले की माणूस राज्याच्या मॅचला. अप्पाचं नाव घालू का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बासष्ट वर्षांचे, आदल्याच वर्षी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हटलं, आता "हं" येणार.

"घाल," हे म्हणाले. आणि पाणी प्यायला आत गेले, ते पाच मिनिटं बाहेर आलेच नाहीत.

तीन महिने हे रोज पहाटे उठून क्लबात जात होते. घरी भिंतीवर खडूनं गोल काढून त्याच्यापुढे लाटणं धरून उभे राहायचे. माझ्या पोळ्या अडायच्या. मी कानडीत रागवायचे, कारण राग मला कानडीतच नीट येतो. पण खोटं कशाला बोलू, मनातून मला इतका आनंद झाला होता की लाटणं मी स्वतःच धुऊन, पुसून ह्यांच्या हाताशी ठेवत होते.

आता माझ्याबद्दल दोन शब्द, कारण चूक माझी आहे. मी कमलम्मा. गल्लीत माझं नाव काजळासाठी आहे. एरंडेलाचा दिवा लावायचा, वर तांब्याचं ताट पालथं धरायचं, ताटाला जमलेली काजळी खरवडायची आणि घरच्या तुपात घोटायची. ह्याला आमच्याकडे काजळ धरणं म्हणतात. गल्लीतल्या कुठल्याही बाळाचं बारसं माझ्या काजळाशिवाय झालेलं नाही.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी हे म्हणाले, "कापूर घे."

मी ओळखलं. कलबुर्गीला जायचं म्हणजे शरणबसवेश्वराचं दर्शन आलंच. देवळासाठी कापराचं एक नवं पाकीट पिशवीत टाकलं. डब्यात ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, झालंच तर एक चमचा. काजळाची डबी तर पिशवीत कायमचीच असते.

सकाळी नऊला मैदानावर पोचलो. एक लांब पत्र्याची शेड, समोर पन्नास मीटरवर कागदाची निशाणं, उजव्या हाताला डोळ्यांवर येणारं ऊन. क्लबच्या पेटीतून मृत्युंजयनं ह्यांची रायफल काढली आणि बोल्ट उघडून टेबलावर ठेवली. ह्यांना नाव नोंदवायला बोलावणं आलं. जाता जाता मला म्हणाले, "माशीला काजळ धर."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरची ती लोखंडाची बारीक दांडी. डोळ्याजवळ एक खाच असते, खाचेतून माशी बघायची आणि माशीवर निशाण बसवायचं, एवढं तीन महिन्यांत मलाही कळलं होतं. पण तिला काजळ कशाला, ते कळलं नाही. मग वाटलं, कळायचं काय त्यात? साठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या नावानं उतरणारा माणूस, नजर लागू नये असं त्यालाही वाटणारच की. आणि ते तोंडानं मागितलं, याचं मला कौतुकच वाटलं. धरलेलं काजळ डबीत होतंच. बोटावर घेतलं आणि माशीला लावलं, चांगलं दाट. मागच्या खाचेलाही लावलं. बोटावर उरलेलं दस्त्याला टेकवून एक तीट दिली.

"दृष्ट काढायलाव का, अक्का?" मृत्युंजयनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. तोही हात जोडून उभा राहिला.

हे घाईनं आले, माशी काळी दिसली, मान हलवली आणि जागेवर जाऊन झोपले. म्हणजे नेमबाजीसाठी पालथे झोपले. पहिल्या पाच गोळ्या सरावाच्या होत्या, त्या मोजायच्या नव्हत्या. त्यानंतर मोजणीच्या वीस. मी मागे बाकावर बसून ओम नमः शिवाय सुरू केलं.

पाचही गोळ्या डावीकडे गेल्या. मृत्युंजय दुर्बिणीतून बघून मला सांगत होता. एक तर कागदाच्या बाहेरच गेली.

हे उठून बसले. रायफल बाजूला ठेवली, उजवा डोळा तळहातानं झाकला, उघडला, पुन्हा झाकला. मग माझ्याकडे आले. इतकं पडलेलं तोंड मी ह्यांचे वडील गेले तेव्हाच पाहिलं होतं.

"डोळा गेला," हे म्हणाले. "नाव काढून घेतो."

"काय झालंय ते तरी सांगा!" मी ओरडलेच. "जरा चार शब्द खर्चा की!"

आणि माझ्या नवऱ्यानं खर्चले. "माशी चमकायलीय. एका बाजूनं नुसती चांदी. मला दोन माश्या दिसायल्यात, एक काळी, एक पांढरी. कुठली धरावी कळंना. काजळ धरल्यावर चमकत नसतीय. कधीच चमकत नसतीय. म्हंजे डोळाच गेला."

"चमकणारच की," मी म्हटलं. "घरचं तूप हाय."

"कसलं तूप?"

मी डबी काढून दाखवली. ह्यांनी डबीचा वास घेतला. मग उजव्या हाताचा वास घेतला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. तीन महिन्यांची तयारी, आयुष्यभराची इच्छा, आणि मी तिला फोडणी घातली होती.

आणि हे हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "डोळा गेला न्हाई," म्हणाले. "कमलम्मा, डोळा गेला न्हाई!" मला शिव्या घालायचं सोडून माणूस आनंदानं नाचायचा बाकी होता.

मग कळलं की पलटणीत मॅचच्या सकाळी हे करायचे काय. घासून घासून लोखंड चकचकीत होतं, त्याच्यावर बाजूनं ऊन पडलं की एक कड चमकते. डोळा त्या चमकत्या कडेलाच माशी समजतो आणि गोळी उन्हाच्या उलट बाजूला जाते. म्हणून माशीखाली ज्योत धरायची आणि नुसती कोरडी काजळी चढवायची. कोरडी काजळी ऊन गिळते, तुपातली ऊन उधळते. पूर्वी त्यासाठी कार्बाइडचा दिवा असे, आता ते कुठं मिळायचं, म्हणून कापूर. कापूर देवाचा नव्हताच, माशीचा होता.

"मग काजळी म्हनायचं की ओ! काजळ कामून म्हनलाव?"

"धर म्हनलो होतो," हे म्हणाले. "लाव न्हाई."

भांडायला वेळ नव्हता. मोजणीच्या गोळ्या सुरू व्हायला बारा मिनिटं होती. मैदानाची अधिकारी दानेश्वरी नावाची तरुण पोरगी होती. मृत्युंजयनं तिला सगळी हकिकत तुपासकट सांगितली. ती आधी हसली, मग रायफल रिकामी असल्याचं स्वतः बघितलं आणि शेडच्या मागे सावलीत न्यायला परवानगी दिली. बोल्ट मात्र तिनं स्वतःपाशी काढून ठेवला, त्याच्याशिवाय गोळी सुटत नाही. टेबलावरची हात धुवायची स्पिरिटची बाटलीही दिली. त्यानं ह्यांनी माशी आणि खाच पुसून काढली, दोनदा, मग तिसऱ्यांदा वास घेऊन. मी लगेच काडी पेटवायला गेले तर माझा हात धरला. "वाळू दे. न्हाईतर मिश्या जातील." बाटली लांब नेऊन ठेवली, माशी पूर्ण कोरडी झाली, तेव्हा कुठं डब्यातल्या चमच्यात मी कापूर पेटवला.

ह्यांनी चमचा घेतला आणि माशीखाली धरला. हात थरथरत होता. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बंदुकांना काजळी धरताना जो हात हलला नाही तो स्वतःच्या वेळेला हलत होता. ज्योत कधी लागायची, कधी नुसतीच शेजारून जायची. माशीवर कुठं काळं, कुठं तपकिरी.

"द्या इकडं," मी म्हटलं.

"तुला जमंना."

"चाळीस वर्षं ताटाला काय धरायले मी? मेंदी?"

चमचा घेतला. पदर कमरेला खोचला आणि मृत्युंजयला वाऱ्याच्या अंगाला उभं केलं. बोलतो तेवढा रुंदही आहे तो. ज्योतीचं टोक वस्तूला नुसतं शिवलं पाहिजे, ज्योत चाटू द्यायची नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. बघता बघता माशी काळी झाली, मग आणखी काळी, मखमलीसारखी. खाचेचंही तसंच केलं. काजळी उडून माझ्या नाकावर बसली ती तशीच राहू दिली.

हे वाकून बघत होते. "हात लावू नको," म्हणाले. मग म्हणाले, "बेस झालं." हा शब्द मी ह्यांच्या तोंडून पुरणपोळीलासुद्धा ऐकला नव्हता.

"अज्जा, लगू बर्री!" तिकडून दानेश्वरीनं कानडीत लवकर यायची हाक मारली.

वीस गोळ्या झाल्या. मला निशाण दिसत नव्हतं, मी फक्त ह्यांची पाठ बघत होते. प्रत्येक गोळीला पाठ श्वास घ्यायची, थांबायची, हलायची. सरावातली घाई कुठंच नव्हती. मृत्युंजय कानाशी आकडे सांगत होता, आठ, सात, नऊ, सहा, आणि मी त्याला गप्प बस म्हणत होते आणि तो गप्प बसला की पुढचा आकडा विचारत होते. शेवटच्या गोळीला त्याची बेरीज एकशे चव्वेचाळीस झाली होती. सहा हवे होते.

ह्यांनी श्वास घेतला, थांबले आणि रायफल खाली ठेवली. मला वाटलं संपलं. पण नाही, डोळा मिटून उघडला, पुन्हा खांद्याला लावली. आवाज झाला. मी मृत्युंजयच्या दंडाला चिमटा काढला.

"नऊ," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मग मीही रडले. एकशे त्रेपन्न. माझा नवरा राज्याच्या मॅचला निघाला होता.

हे शेडमधून बाहेर आले तेव्हा दानेश्वरीनं ह्यांचं नाव फळ्यावर खडूनं लिहिलं होतं. ह्यांनी त्या नावाची अक्षरं एकेक करून वाचली. तेवढ्यात पुढच्या तुकडीतले आप्पाराव आले, बीदरचे, पोलिसातून निवृत्त झालेले, ह्यांची जुनी ओळख. ऊन चढलं होतं, त्यांच्या रायफलीची माशी लांबूनही लखलखत होती.

"हावगेप्पा, आमच्याबी माशीला तेवढी काजळी धरून द्या की," ते म्हणाले.

ह्या कामाला हे कधी नाही म्हणालेले नाहीत. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. सवयीनं हात पुढे गेला, तो मी पाहिला. मग हात मागे आला. ह्यांनी छाती काढली, घसा साफ केला.

"आज मी शूटर हाय, आप्पाराव," हे म्हणाले. "काजळीचं काम असंल तर आमचा आर्मोरर तिकडं उभारलाय." आणि माझ्याकडे बोट दाखवलं, काळ्या नाकाच्या, चमचा हातात घेतलेल्या माझ्याकडे.

सदतीस वर्षांत स्वतःबद्दल इतकं मोठं वाक्य हे पहिल्यांदाच बोलले होते, आणि त्यातला अर्धा वाटा ह्यांनी मला दिला होता. मला पुन्हा रडू यायला लागलं, पण मागे आणखी तीन म्हातारे आपापल्या रायफली घेऊन रांगेत उभे राहिले होते.

"आना," मी म्हटलं. "पन आधी बोल्ट काढा."