कोपऱ्यातली कोंबडी

मुरलीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच चित्राची स्तुती लिहीत होतो. दिवाळी होऊन महिना झाला होता. टेबलावर अंकांचा ढीग होता आणि दरवर्षीप्रमाणे पुरवणीसाठी दिवाळी अंकांचा आढावा लिहायला मी सकाळीच बसलो होतो. 'मुखपृष्ठावरची ही पांढरी शांतता आता चित्राच्या गाभ्यापर्यंत पोचली आहे,' हे वाक्य कागदावर उतरलं होतं आणि मी स्वतःवरच खूश होतो. तेवढ्यात केडगाव स्टेशनजवळच्या चहावाल्या बबनचा फोन आला. "सर, मुरलीअण्णा गेलं... उसाच्या ट्रॉलीखाली आलं." भरदिवसा, सरळ रस्त्यावर, असं कसं झालं म्हणून मी ओरडलोच. बबन म्हणाला, "ट्रॅक्टर गेला, फुडची ट्रॉली बी गेली, तवर अण्णा थांबलं व्हतं की. मग निघालं. मागची ट्रॉली त्यान्ला दिसलीच न्हाई." कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुरलीनं तर त्या दोन ट्रॉल्या कितीतरी चित्रांत काढल्या होत्या.

आम्ही दोघं शाळेपासूनचे. पुढं मी शिरूरला कॉलेजात मराठी शिकवू लागलो आणि फावल्या वेळात परीक्षणं लिहिणारा झालो. तो केडगावातच राहिला, आधी दुकानांच्या पाट्या रंगवत, मग दिवाळी अंकांतल्या कथांना चित्रं काढत. त्याची सुरुवातीची चित्रं म्हणजे भरलेली एसटीच. तळेगाव ढमढेऱ्याचा आठवडी बाजार काढला, तर मेथीच्या जुड्या, जीपच्या टपावरची माणसं, पाल बांधायची दोरी आणि ती दोरी ज्या खिळ्याला बांधली तो खिळासुद्धा त्यात यायचा. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक कोंबडी. निम्मी चित्रात आणि निम्मी बाहेर. तिच्या शेपटाला लागून सही. गोष्ट कुठलीही असो, कोंबडी असायचीच. घरोघरी अंक आला की पोरं आधी कोंबडी शोधत आणि मगच अंक मोठ्यांच्या हाती जाई. मी एकदा त्याला विचारलं होतं, की हिला अर्धीच का काढतोस? तो म्हणाला, "ती चाललीय रं, मास्तर. चित्र संपलं म्हून जग थोडंच संपतंय?"

त्या काळात मी त्याच्यावर कडक लिहायचो. मित्र म्हणून सूट देतो असं कुणी म्हणू नये ही मला फार काळजी. 'गर्दी फार, डोळ्यांना टेकायला जागा नाही,' असं मी दोन-तीन वर्षं सलग लिहिलं. तो नुसता हसायचा. मग आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याची चित्रं बदलायला लागली. आधी कडेची माणसं गेली. मग कोंबडी गेली. जे काही असायचं ते मध्यावर गोळा झालेलं आणि भोवती कोरा कागद. मला काय वाटावं? मला वाटलं, माझं ऐकलं! समीक्षकाच्या आयुष्यात असं कितीदा होतं? मी उत्साहानं लांबलचक लेख लिहिला, 'रिकाम्या जागेचं धाडस'. मुरलीनं तो कापून, फ्रेम करून आपल्या कामाच्या टेबलासमोर, डोळ्यांच्या बरोबर सरळ रेषेत लावला.

नंतर सगळेच त्या वाटेनं निघाले. कोऱ्या कागदात कुणाला गावाकडची ओस पडलेली घरं दिसली, कुणाला अध्यात्म दिसलं. वाचक पत्रांतून आणि व्हॉट्सॲपवरून विचारत, की एवढी शांतता आणता कुठून? संपादक काम देतानाच सांगायचे, "त्या तुमच्या पांढऱ्या पद्धतीचं द्या हं." दरवर्षी ते पांढरं थोडं आणखी आत सरकत होतं, चारही बाजूंनी, आणि दरवर्षी आम्ही आणखी मोठ्यानं टाळ्या वाजवत होतो. तळेगावात एका वाचक मंडळानं त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं झाली आणि व्यासपीठावरून उतरताना बाजूची पायरी त्याला दिसलीच नाही. तो कोलमडला. मी त्याला धरलं आणि माइक हातातच होता, म्हणून म्हणालो, "कलावंताचे पाय जमिनीवर नसतात, ते असे!" सभागृह हसलं. मुरलीही हसला. त्याची बोटं मात्र माझ्या मनगटात रुतली होती आणि खुर्चीत बसेपर्यंत त्यानं ती सोडली नाहीत.

त्याच सुमारास मला मांडवगण फराट्याहून एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे एक वयस्क आप्पा, भाजीपाल्याची शेती करणारे. सालगड्यापासून नातवापर्यंत सगळ्यांना अंक वाचून दाखवतो असं त्यांनी सुरुवातीलाच कळवलं होतं. पुढं लिहिलं होतं, 'तुम्ही फार चांगलं म्हणता पण आम्हाला ते पांढरं बघून जीव घाबरा होतो. कोंबडी कुठं गेली? चित्रकारांची तब्येत बरी हाय ना? तुमचे मित्र आहेत, तर जाऊन बघून यावं.' मी काय करावं? ते कार्ड मी माझ्या सदरात छापलं, वर चिमटा काढून. 'काही रसिकांना चित्रात अजून कोंबडीच हवी असते,' असं. लोकांना ते आवडलं, चार जणांनी फोन करून दाद दिली. आप्पांचं कार्ड पुन्हा कधी आलं नाही. त्यांचा पत्ताही मी जपून ठेवला नाही... आज तो हवा होता.

दोन वर्षांपूर्वी पाडव्याला मी केडगावला जेवायला गेलो. मुरलीच्या दोन्ही नडग्यांवर निळे डाग होते. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागला तेव्हा त्यानं चौकटीलाच शिवी घातली. स्कूटर अंगणात धूळ खात पडली होती. मी हे सगळं पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोयच नाही. सुमनवहिनींनी ताटं वाढली. वर मीठ, डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, सगळं रीतसर. मुरली मधला भात कालवून खात होता. दोन घास झाल्यावर म्हणाला, "आज चटणी न्हाई व्हय केली?" चटणी ताटातच होती, कडेला. वहिनींनी ती बोटानं मधे सरकवली. मिठाचंही तेच. अळणी भात तो मुकाट्यानं खात होता, तो त्यांनी चिमूट टाकून नीट केला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाऊजी, रोज असंच हाय. कडंचं तसंच ऱ्हातंय. दौंडला डोळ्याचं शिबिर हाय, तुम्ही तरी सांगा त्यान्ला. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील."

माझं ऐकत होता, हे खरंच होतं. मी मात्र श्रीखंडाची वाटी चाटत म्हणालो, "अहो वहिनी, चित्रकाराच्या नजरेला काय धाड भरलीय? महाराष्ट्र त्या नजरेवर फिदा आहे. तिला हात लावू देऊ नका कुणाला." मुरली माझ्याकडं बघत होता. अगदी सरळ, डोळ्याला डोळा लावून, जरा जास्तच वेळ. मग हसला आणि बायकोला म्हणाला, "बघ, मास्तरच सांगतोय." त्या जरा जास्तच वेळात तो मला काहीतरी विचारत होता असं मला आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, की तो खूश झालाय.

अंत्यविधीनंतर आठवडाभरानं मी गेल्या दहा वर्षांचे अंक पिशवीत भरले आणि शिरूरमधल्या डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडं गेलो. समोर आजारी माणसाऐवजी दिवाळी अंक, त्यामुळं आधी त्यांना वाटलं मी जाहिरात मागायला आलोय. मी अंक वर्षाच्या क्रमानं टेबलावर मांडले. ते पानं उलटत गेले. त्यांनी मजकूर वाचला नाही, चित्रातले चेहरेही बघितले नाहीत. ते फक्त सहीवर बोट ठेवत होते. पहिल्या अंकात सही उजव्या कोपऱ्यात, कोंबडीच्या शेपटाशी. मग थोडी वर, थोडी आत. मग आणखी आत. यंदाच्या अंकात एक बाई उभी आहे, एकटी, पानाच्या मधोमध, आणि मुरलीची सही तिच्या लुगड्यावर, पोटाशी. मी त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या, निर्मितीच्या गर्भाविषयी वगैरे. डॉक्टर म्हणाले, "चित्रावरून रोग ठरवता येत नाही, सर. पण काचबिंदूत कडेचं असंच जातं, हळूहळू, आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं मात्र राखता येतं." अंक मिटून त्यांनी माझ्याकडं सरकवले. "हे एवढं छापलेलं होतं दरवर्षी... आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

एका माणसाच्या आलं होतं. त्याची मी टिंगल केली होती. दोघांच्या म्हणायला हवं, कारण वहिनींनी तर माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मुरलीनं कुणाचं ऐकावं? एकीकडं घरची बाई म्हणते डोळे तपासा आणि दुसरीकडं समोरच्या भिंतीवर काचेत लावलेला छापील लेख म्हणतो, हेच तुझं मोठेपण. माझ्या लेखात ताकद असावी असं मला आयुष्यभर वाटत आलं. ती होती, हे असं कळायला नको होतं.

महिन्यानं केडगावला गेलो. मनात ठरवून गेलो होतो, की वहिनींची माफी मागायची. टेबल तसंच होतं, फ्रेम समोर तशीच. वहिनी म्हणाल्या, "आधी जेवा, मग बोला." त्यांनी ताट वाढलं आणि माझा हात तसाच राहिला. भात, आमटी, भाजी, चटणी, लिंबाची फोड, सगळं मधे गोळा करून वाढलेलं होतं, एकाला एक लागून. भोवती चार-चार बोटं कोरं ताट. मुरलीचं शेवटचं चित्र असंच होतं.

वहिनींचंही लक्ष गेलं. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "दोन वरसं असंच वाढत व्हते. हात अजून तसाच जातुय बगा." मी काही बोलायला लागलो तसं त्यांनी मान हलवली. "ताट मला बदलता आलं, भाऊजी. रस्ता कुठनं बदलू?"

माफीचं वाक्य मी पाठ करून नेलं होतं. मी खाली मान घालून जेवलो. मीठ मधोमध होतं, भाताला लागून.