रॅममधलं फोल्डर

बोनकोडे गावाच्या तोंडाशी त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सकाळी दुकान उघडताच माझा रखडणारा कॉम्प्युटर घेऊन गेलो, तर त्याने मोकळ्या रॅममध्येच एक ड्राइव्ह बनवून दिला. व्हिडिओ झरझर उघडायला लागले. मी खूश. तो मात्र स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवत बसला: ‘कॉपी करा, कट नको.’

मला वाटलं, उगाच मास्तरकी करतोय.

“वाऱ्यासारखा धावतो,” तो म्हणाला, “पन लाइट गेली का याला कायपन आठवत नाय.”

“तुमचं गेलं होतं वाटतं?” मी चेष्टेने विचारलं.

चिकटपट्टीवरचा त्याचा अंगठा थांबला. “आई गावच्या लग्नात धवल्यांची गानी गायची. ती गेल्यावर तिचं एकच रेकॉर्डिंग होतं मोबाइलमदी. खरखर काढायला घेतलं. घाईत कट करून असल्याच ड्राइव्हमदी टाकलं, आनि लाइट गेली.”

त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर अजून बंदच होता. तो चालू करून त्याने रॅमच्या ड्राइव्हवर आधी एक फोल्डर बनवलं. नाव दिलं, ‘आई’.

“रोज बनवतो,” तो म्हणाला. “दुकान बंद केलं का जातं.”

आत काहीच नव्हतं.