फळ्यावरची रंगवलेली ओळ

धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. आज पाणी उशिरा येईल, लिफ्ट बंद आहे, अमुक मजल्यावरचे आजोबा गेले, एवढंच त्यावर असायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्याची उजवी बाजू मी मागून घेतली. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईला घरात बसवत नाही, आणि खडूची सवय हातातून जात नाही. रोज सकाळी खाली जाऊन मी नव्या शोधाची एक बातमी चार-पाच ओळींत लिहायची. चंद्राच्या मातीत गंधक सापडलं. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्याची थरथर इथवर पोचली. वाचणारे कमीच. ऑफिसला निघालेला माणूस गाडीची काच खाली करून कृष्णविवर वाचेल, अशी माझीही अपेक्षा नव्हती.

एक शेजारीण मात्र रोज वाचायच्या. माझ्याच वयाच्या, अमरावतीकडून आयटीतल्या मुलाकडे राहायला आलेल्या, समोरच्याच दारात. ओळीवर बोट फिरवत मोठ्याने वाचायच्या आणि भाजीची पिशवी घेऊन थेट माझ्याकडे यायच्या. "बाई, ते दोन काळे खड्डे एकमेकावर आपटले, त आवाज काऊन नाही आला?"

शाळेत असा प्रश्न वर्षाकाठी एखादाच यायचा. मी चहा टाकायची आणि आवाजाला हवा लागते इथपासून सुरुवात करायची. त्या वर्षांत मला खरा आनंद कुठे मिळाला असेल तर त्या चहाच्या अर्ध्या तासात.

मग एकदा मी हाडांची बातमी लिहिली. फार जुन्या दफनांतल्या हाडांमधून शास्त्रज्ञांना डीएनए वाचता आला होता, आणि आपण सगळेच अनेक दिशांनी आलेल्या माणसांची सरमिसळ आहोत, असं त्यातून दिसत होतं. मला ही बातमी सुंदर वाटली होती. निवडणूक तोंडावर आली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळपर्यंत सोसायटीचा ग्रुप पेटला. एकाच्या मते मी त्याच्या पूर्वजांना परकं ठरवलं होतं. दुसऱ्याच्या मते मी मुद्दाम अर्धंच लिहून त्या पहिल्याच्याच लोकांना पाठीशी घातलं होतं. तिसऱ्याने तर मी कोणत्या पक्षाला मत देते ते जाहीर करून टाकलं, जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरी घरी आले. "बाई, आपण ग्रहताऱ्यांचं लिहीत जा की. त्यांच्यातलं कोणी आपलं मेंबर नाही." त्यावर बैठक झाली, दोन तास चालली, आणि तोडगा निघाला. दुसऱ्या दिवशी एका रंगाऱ्याने फळ्याच्या उजव्या बाजूला, अगदी वर, पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं: 'काही शास्त्रज्ञांच्या मते'. खाली मी काहीही लिहावं, जबाबदारी सोसायटीवर नको. मी भांडायला हवं होतं. पण मी दमले होते. या वयात रोज त्याच त्या लोकांशी लिफ्टमध्ये उभं राहायचं असतं.

एकदा चिडून मी त्या ओळीखाली 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' एवढंच लिहून ठेवलं. कोणी हसलं नाही. एका तरुण मेंबरने जाता जाता "आता बॅलन्स्ड वाटतं, मॅडम" असं सांगितलं.

त्या हिवाळ्यात आमच्या भागात हातापायांतली ताकद जाण्याचा आजार आला. डॉक्टरांना पाण्याचा संशय होता. टीव्हीवर पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर ओरडत होते. ग्रुपवर कोणी म्हणत होतं की हे सगळं घाबरवण्याचं राजकारण आहे. कोणी आपल्या पूर्वजांचं ज्ञान फॉरवर्ड करत होतं. मी खाली गेले आणि फळाभर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाणी खळखळ उकळूनच प्या. वर ती रंगवलेली ओळ होतीच. मला दिसली. खडू हातात होता, तिच्यावर काट मारता आली असती. मग पुन्हा तक्रार, पुन्हा बैठक, या विचाराने मी तशीच वर आले.

काही दिवसांनी सकाळी सकाळी शेजारणीच्या मुलाने बेल वाजवली. "काकू, प्लीज येता का? आईला वेणी घालता येत नाहीये. हातच वर जात नाहीयेत." हॉस्पिटलला जाताना गाडी स्वारगेटच्या गर्दीत अडकली. मी मागे त्यांचा हात धरून बसले होते. तो हात माझा हात धरत नव्हता.

कित्येक दिवस त्या आयसीयूत होत्या. वॉकर घेऊन घरी आल्या तेव्हा मी न राहवून विचारलं, "पाणी उकळत होतात ना?"

"नाही ना बाई," त्या सरळ म्हणाल्या. "तुमी लिवलं होतं, काही शास्त्रज्ञायच्या मते. म्हटलं, काहीच जनायचं मत हाये. अन् मोबाइलवर आलं होतं, तांब्याच्या भांड्यात रातभर ठेवलं का पाणी शुद्धच होते. त्याच्यात मते-बिते काही नव्हतं."

त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. आजार पाण्यानेच झाला का, हे त्यांच्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. विज्ञान असंच बोलतं, जपून. मी मुलांना तेच शिकवलं. पण ती ओळ त्या जपून बोलण्यातून आलेली नव्हती. ती लोकांच्या भीतीतून आली आणि माझ्या कंटाळ्यामुळे टिकली. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

त्याच दुपारी मी टर्पेंटाइनने ती ओळ खरवडून काढली. सेक्रेटरी बघत उभे होते. नीट पाहिलं तर ती ओळ अजून वाचता येते.

आता शेजारणीला खाली उतरवत नाही, म्हणून बातमी मीच त्यांच्या घरी नेते. काल सांगितलं, दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सापडलाय, दुर्बिणीतून. व्यायामाचा रबरी चेंडू दाबत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी प्रश्नाची वाट पाहत होते.

"बाई, हे खरं हाये, का मत हाये?"

"खरं आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली. "अरे, बाई सांगून राह्यल्या ते खरं हाये का, मोबाइलमधी पाह्य बरं जरा."

त्याला ते सापडेपर्यंत मी बसून राहिले.