जोड नसलेलं विमान

होळीच्या सुट्टीत मी ते विमान घरी आणलं, तेव्हा बाबांनी ते खोक्यातून काढलं, उलटं केलं आणि बराच वेळ त्याच्या पोटावरून अंगठा फिरवत बसले. बाबा कोळशाचा ट्रक चालवतात. कुठल्याही यंत्राची ओळख ते आधी हाताने करून घेतात. मग म्हणाले, "जोड कुठं हाय याले?"

जोड नव्हता. साच्यातून काढलेलं, फोमचं, गुळगुळीत पांढरं विमान होतं ते. मी म्हटलं, विकतचं आहे, कारखान्यातून असंच येतं.

"मंग बिघडलं तं खोलाचं कुठून?"

खरं म्हणजे हा प्रश्न मलाही पडला होता, फक्त मी तो कोणाला विचारला नव्हता.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यवतमाळला इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या वर्षी तिथे रिमोटवर उडणारी विमानं बनवणारा एक गट दिसला आणि मी त्यात शिरले. का, ते अजून नीट सांगता येत नाही. माझं पहिलं विमान मी गावातच बनवलं, वणीपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात, ओसरीवर बसून. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, जुन्या बॅनरचा सनबोर्ड, पंख ताठ राहावा म्हणून तुरीची काडी, शेपटी हलवायला सायकलच्या स्पोकचा तुकडा. मोटर, रिमोट आणि आतलं वायरिंग तेवढं विकतचं. ते बनताना सगळ्या मोहल्ल्याने पाहिलं. शेजारची काकू भाजी निवडायला मुद्दाम आमच्या ओसरीवर यायची आणि विचारायची, तुही कोंबडी अंडं कधी देते वं? ते उडालं तेव्हा बाजारातून पिऊन निघालेल्या माणसासारखं उडालं आणि बुद्धविहाराच्या छपरावर पडलं. लोक पोट धरून हसले, मग कोणीतरी शिडी आणली. त्या विमानाचा संशय कोणालाही आला नाही.

हे दुसरं विमान आमच्या गटातल्या एका सीनियरचं. तो पास होऊन नागपूरला नोकरीला लागला आणि जाताना ते गटाला देऊन गेला. सुट्टीनंतर कॉलेजच्या संघाची निवड होती. सरळ रेषेत जायचं, चौकोनी वळण घ्यायचं आणि पहिल्या रेषेला धरून परत यायचं, अशी परीक्षा. सरावाला मोकळी जागा हवी होती आणि आमच्या वावरातल्या कापसाच्या पऱ्हाट्या नुकत्याच उपटून झाल्या होत्या. म्हणून गटाने ते माझ्याजवळ दिलं.

आमचं वावर म्हणते, पण ते आमचं नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या आबाजींचं आहे. गावातले बहुतेक त्यांना आबाजीच म्हणतात. आम्ही ते बटईने करतो, पिकाचा अर्धा वाटा त्यांचा, अर्धा आमचा. बाबांच्या ट्रकचं काम कधी असतं, कधी नसतं, वावर मात्र आईने धरून ठेवलं आहे. या बटईचा कागद कुठे नाही. आमच्याकडे गुढी उभारत नाहीत, पण शेतीचं वर्ष सगळ्यांचंच पाडव्याला फिरतं. त्या सकाळी आबाजी आमच्या ओसरीवर येतात, चहा घेतात आणि "यंदाही तूच कर" एवढंच म्हणतात. तेवढ्यावर आमचं वर्ष उभं राहतं.

पहिल्या उड्डाणातच मला ते विमान पटलं नाही. माझा हात चुकला तरी ते चुकत नव्हतं. त्याच्या पोटात काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असते, वाऱ्याने विमान कलंडलं की ती त्याला परत सावरते. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि हातात जाणवणं वेगळं. थर्माकोलचं विमान वाऱ्यात डगमगलं की माझ्या बोटांना आधी कळायचं. इथे बोटांना काहीच कळत नव्हतं. मी एकदा रिमोटवरची बोटं उचलून पाहिली. ते आपलं सरळ जात राहिलं. त्याला मी उडवते आहे, की ते उडतं आहे आणि मी नुसती खाली उभी आहे, असा प्रश्न मनात आला आणि गेला नाही. तरी निवड जवळ आली होती, म्हणून दिवस मावळेपर्यंत मी गावाच्या शिवारावर रेषा ओढत राहिले. वखराच्या तासासारख्या, एकीला लागून दुसरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी बैलबंडीत बांबूची रोपं घेऊन आमच्या वावराकडे चालले होते. आमच्याकडे होळी झाली की ऊन डोक्यावर बसतं, तेव्हा कोणी रोप लावत नाही. मी विचारलं, आबाजी, या उन्हात? ते म्हणाले, "लावून ठेवतो." बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या मागे आमच्या दाराकडे पाहत होते. दुपारी पलीकडच्या एका वावरात चार बल्ल्या रोवून वर टिनाचे पत्रे टाकलेले दिसले. गोठा म्हणावा तर ढोरं नव्हती. आणखी एकाने पाणी दाखवणाऱ्या माणसाला बोलावलं होतं, तो तळहातावर नारळ ठेवून धुऱ्याधुऱ्याने, बांधाबांधाने फिरत होता. मला वाटलं, यंदा गावाला बराच हुरूप आलेला दिसतो.

नळावर बायका आई आली की गप्प होत होत्या. एकीने मात्र हसत विचारलंच, की वहिनी, आमचं वावर तुमच्या मॅडमच्या मोजणीत बसलं का? आई घरी आली आणि पाण्याने भरलेला गुंड खाली न ठेवताच म्हणाली, "तू काय मोजून राह्यली म्हन्ते गाव."

मग तिने सांगितलं ते मला आधीच आठवायला हवं होतं. शेजारच्या गावाची जमीन कोळशाच्या खाणीत गेली, त्याच्या आधी तिथेही असंच काहीतरी पांढरं आकाशातून सरळ रेषांनी फिरून गेलं होतं. पुढे मोबदला ठरला तेव्हा कळलं, की झाडाचं वेगळं, गोठ्याचं वेगळं आणि विहिरीचं वेगळं धरतात. ज्यांचं वावर उघडं होतं त्यांना उघड्या वावराचंच मिळालं. आमच्या गावाने तेव्हापासून ठरवून टाकलं होतं: वर काही सरळ रेषेत फिरलं की आधी झाड लावायचं, मग चौकशी करायची. आणि आता ते फिरवणारी कोण, तर कोळशाच्या ट्रकवाल्याची इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी. सगळं इतकं जुळत होतं की त्यांच्या जागी मी असते तर मीही रोपं आणायला धावले असते.

बाबा जेवता जेवता म्हणाले, "ज्या पोरानं हे देल्लं, तो कुठं कामाले हाय?"

मी म्हटलं, नागपूरला.

"काय करते?"

"ड्रोनने जमिनीची मोजणी करणाऱ्या एका ऑफिसात आहे," मी म्हटलं, आणि बोलून झाल्यावर ते मला ऐकू आलं. बाबांनी घास ताटातच ठेवला.

मी त्या सीनियरला फोन लावला. तो हसला. म्हणाला, हो, त्याच्या नाकात कॅमेरा बसवला होता, त्यावरच तर मी शिकलो, देताना तेवढा काढून घेतला. तूही गावकऱ्यांसारखीच विचारतेस. माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण फोन ठेवल्यावर मी विमान कानाजवळ धरून हलवलं, नाकातल्या मोकळ्या भोकात टॉर्च मारून पाहिलं. विश्वास बसला होता, तरी सकाळी पुन्हा एकदा हलवलं.

आबाजी त्या दिवशी आले ते ओसरीवर चढले नाहीत. अंगणातूनच बाबांना म्हणाले, ते विमान विहारासमोर घेऊन ये, चार मान्सं पाह्यतीन. मग म्हणाले, "पाडव्याले मी तुया घरी येतो का नाई, ते यावर हाय. मले दुसरं काही बोलाचं नाई."

विहारासमोरच्या पारावर विमान ठेवलं. बरीच माणसं जमली होती, हात कोणी लावत नव्हतं. आबाजींनी भोकात बोट घातलं.

"इथं काय होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इथे रिकामी जागा असते असं म्हणता आलं असतं, ते खोटंही ठरलं नसतं. मी म्हटलं, "कॅमेरा होता. देणाऱ्याने काढून घेतला."

कोणी ओरडलं नाही. एकजण हळूच म्हणाला, "डोया काहाडून ठेवला, मंग आता आंधयं हाय म्हन्ते." दोघेतिघे हसले, आबाजी हसले नाहीत. ते म्हणाले, खोल. मी सांगितलं, याला जोड नाही, कापावं लागेल, आणि हे माझं नाही. "आमचं वावर तरी कुठं तुयं हाय?" ते म्हणाले. मी तिथूनच गटातल्या मुलांना फोन लावून विचारलं. ती जरा कुरकुरली, मग म्हणाली, काप.

कटरने मी त्याचं पोट उभं चिरलं. पांढरा फोम, वायरी, शेपटी हलवणाऱ्या बारक्या मोटरी आणि ती डबी. मला वाटलं होतं, उघडलं की संपलं. पण तसं होत नाही. ज्याने आत काय असायला हवं तेच कधी पाहिलेलं नाही, त्याला उघडलेलं विमानही बंदच असतं. आबाजींनी डबीवर नख ठेवलं.

"हे काय करते?"

"विमान वाकडं झालं तर सरळ करते."

"कोनाच्या सांगन्यावरून?"

ती स्वतःच करते, हे खरं उत्तर होतं, आणि त्या पारावर त्याच्याइतकं वाईट उत्तर दुसरं नव्हतं. माझ्याही मनात पहिल्या दिवसापासून हेच तर अडकलं होतं.

शेवटी मीच म्हटलं, याची मोटर आणि वायरिंग काढते आणि इथेच, तुमच्यासमोर, दुसरं बनवते. आबाजी म्हणाले, बनव. डबी त्यांनी उचलून अंगातल्या बंडीच्या खिशात टाकली. "हे मायापाशी राहू दे."

मी विहारासमोर दिवसाउजेडी बनवायला बसले. थर्माकोल काकूने दिला, तिच्या नव्या कूलरच्या खोक्यातला. तुरीच्या काड्या लोकांनीच आणल्या आणि कुठली सरळ यावरून भांडले. प्रत्येक वस्तू आत बसवण्याआधी हातोहात फिरायची. एकाने मोटर कानाला लावून पाहिली, एकाने बॅटरी हुंगली. ज्याने विमानाला आंधळं म्हटलं होतं, तो रोज येऊन तपासायचा की कालच्यात आज काही वाढलं तर नाही. मला आधी त्याचा राग यायचा. पुढे पुढे तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं. सगळं बसल्यावर मी पोट उघडंच ठेवलं आणि आबाजींना बोलावलं. त्यांनी आत बोट फिरवलं, डोळ्यांनी पाहिलं, आणि चिकटपट्टी स्वतःच्या हाताने लावून ते बंद केलं. पट्टी वाकडी लागली. मी ती काढली नाही.

ते उडताना पाहायला गाव धुऱ्यावर उभं राहिलं. ते उठलं, डावीकडे झुकलं, मी सावरलं, मग उजवीकडे झुकलं. मी सरळ रेषा धरायचा प्रयत्न करत होते आणि ती नांगराला नव्याने जुंपलेल्या गोऱ्ह्याच्या तासासारखी जात होती. बोटांना सगळं कळत होतं. शेवटी ते ढेकळात नाकावर उतरलं. आबाजी बाबांना म्हणाले, "यानं कंपनी जमीन मोजीन, तं मंग निम्मा तालुका तिच्या हातून सुटला समज."

निवडीला मी हेच विमान घेऊन गेले आणि संघात राखीव म्हणून राहिले. माझी रेषा वाकडी गेली, पण कुठे वाकडी गेली ते मला सांगता आलं.

पाडव्याच्या सकाळी आई चहाचं आधण ठेवून दाराकडे पाहत होती. बाबा अंगणात उगाच ट्रकची किल्ली पुसत होते. आबाजी आले, ओसरीवर बसले, बशीत चहा ओतून प्यायले.

"यंदाही तूच कर," ते म्हणाले.

आईने पदराने तोंड पुसलं. मी डबीबद्दल विचारावं का, असा विचार करत होते. गटाची वस्तू होती, परत द्यायला हवी होती. पण आबाजींचा हात बंडीच्या त्याच खिशावर होता, म्हणून न विचारताच मी रिकामी बशी उचलली. उठताना ते उंबऱ्याशी थांबले आणि बाबांऐवजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "अन् त्या बांबूयले पानी देत जाजा. काही सांगता येत नाई."