पाचवीचा निळा दिवा

माझा मुलगा जन्मल्यावर चौथ्या दिवशी हळद फासल्यासारखा पिवळा झाला. कर्जतच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या पेटीत निळ्या एलईडी दिव्यांखाली ठेवलं. उजेडानं कावीळ उतरेल म्हणाले, नाहीतर पनवेलला नेऊन रक्त बदलावं लागेल.

मी बी.एस्सी. झालेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा समज. पण त्या उजेडात तो पिवळाही दिसेना. राखाडी अंग, डोळ्यांवर पट्टी, निपचित. पोशीरहून आलेल्या सासूबाई पेटीवर वाकल्या आणि मी दचकले. त्यांच्या कपाळावरचं लालभडक कुंकू काळं झालं होतं, ओठही काळे. निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मला माझं पोर मेलेलं दिसायचं.

म्हणून सिस्टर बाहेर गेली आणि सासूबाई चहाला गेल्या की मी दिव्याचं बटण बंद करायचे. मग तो पुन्हा पिवळा, पण जिवंत दिसायचा. पावलं वाजली की दिवा चालू. पाचव्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. कावीळ जराही उतरली नव्हती. "सकाळी पुन्हा बघू, नाहीतर पनवेल," डॉक्टर म्हणाले. बटणाची गोष्ट मी लपवली. स्वतःची एवढी किळस मला कधीच आली नव्हती.

त्या दिवशी पाचवी. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते, म्हणून त्याच्याजवळ रात्रभर दिवा तेवत ठेवायचा, ही आमची रीत. वॉर्डात काडी ओढायलाही बंदी. आता सासूबाई भांडणार, असं मला वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बटणाशी बसल्या.

"ह्योच आजचा दिवा. पाचवीचा दिवा इझू द्यायचा नाय. तू नीज गं."

मी पेटीला डोकं टेकलं. डोळे मिटताना दिसलं ते त्यांचं काळं कुंकू.

सकाळच्या रिपोर्टात कावीळ उतरलेली होती. पनवेल टळलं. बाळाला खिडकीपाशी धरून मी रडले आणि सासूबाईंना सगळं सांगायला तोंड उघडलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "झोपंत तुजा हात तीनदा बटनाकडं आला. डोळे मिटलेले, अन् हात बरोबर बटनावर. म्या धरून ठेवला."

मी मनगट पाहिलं. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते.