ओट्याचा उलटा ढाळ

हे मी कुणाला सांगितलं नाय. म्हातारीला नाय, पोराला नाय. कळंबला माझा एक जुना दोस्त आहे, त्याच्याजवळ बाकी सगळं बोललो — हे नाय बोललो. तुमची-माझी ओळख नाय, म्हणून तुमाला सांगतो. चौथीत शाळा सुटली माझी, लिहिण्यात चुका व्हतील. त्या सांभाळून घ्या. सांगायची ती चूक निराळीच आहे.

महाळुंग्याच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर लई थकलं व्हतं. चुलीच्या धुरानं वरचे वासे काळे पडलेले. भिंतीचा रंग हाताला लागायचा. फडताळाचं दार एका बिजागरीवर लोंबायचं. म्हातारीचे गुडघे गेलेले, तिला खाली बसून भाकरी थापणं व्हईना. पोरगा म्हणला, "आबा, गवंडी सांगतो, उभा ओटा करून घेऊ." मी म्हणलो, "गवंडी कशाला? मी मेलोय का?"

आणि केलं मी. खोटं का सांगू — झकास केलं. सोड्याच्या पाण्यानं भिंती घासल्या, पटाशीनं जुना रंग खरवडला, वरून पिवळा डिस्टेंपर मारला. जुन्या दाराच्या फळ्यांची मांडणी केली. एकाच्या मोडलेल्या ओट्याचा कडाप्पा मिळाला, तो टेम्पोत घालून आणला. पुतण्याच्या घरच्या उरलेल्या टायली शेगडीमागं दोन रांगांपुरत्या आल्या, बाकीची भिंत तशीच रंगावर ठेवली. येणारा-जाणारा बघायला आत यायचा. मी प्रत्येकाला सांगायचो, सगळं या हातानं केलंय, बाहेरचा माणूस लावला नाय.

आता ढाळाचं सांगतो. सांगायचं तेच आहे, पण मी आपला रंगातच घोटाळतोय — कळतंय मला.

ओट्याला सिंककडं ढाळ द्यावा लागतो, म्हंजे पाणी तिकडं पळतं. शेजारचा सदू म्हणला, "आबा, पाणसळ लावून बघ की." मी हसलो त्याला. जल्मभर पाण्याला वाट दाखवली मी. कांद्याचे वाफे नुसत्या नजरेनं पाडतो, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत बिनबोभाट जातं. माणसं मला ढाळ बघायला बोलवून न्यायची. त्या काचेतल्या बुडबुड्यानं मला शिकवावं व्हय?

पण रान वेगळं नि घर वेगळं. आमची जुनी मोरी एका कोपऱ्यात, नवीन सिंक बसवलं दुसऱ्या कोपऱ्यात. खालची फरशी अजून जुन्या मोरीकडंच उतरलेली. त्या फरशीवर नजर ठेवून मी ओटा लावला. फरशी सपाट धरली — आणि ओटा उलटा उतरला.

महिन्याभरात मोरीच्या कोपऱ्यातली भिंत ओली झाली. रंग फुगला, पोपडे पडायला लागले. म्हातारी सुनेवर घसरली. "काय गं संगीता, पाण्यात खेळतीस का काय? सासऱ्यानं मरमर करून केलंय." सून आपली धुतलं की भिंतीच्या कडंनं फडक्याची घडी लावून ठेवायची. म्हातारीनं ते आल्या-गेल्याला सांगायला सुरुवात केली — आमच्या सुनेचा हात लई पाणेरा.

एकदा सगळी लग्नाला गेली व्हती. मी एकटाच घरी. तांब्याभर पाणी घेतलं नि ओट्यावर सिंकजवळ ओतलं. सिंकात थेंब गेला नाय. सगळं पाणी हळूहळू कोपऱ्याकडं चाललं नि भिंतीला लागून थांबलं. मी बघत उभा राहिलो. मग फडक्यानं पुसून घेतलं, फडकं पिळून वाळत घातलं.

म्हंजे मला माहीत व्हतं. हे ध्यानात ठेवा. पुढचं मी माहीत असून केलं.

पंधरा दिवसांनी व्याही आले, संगीताचे वडील, राजुरीकडचे. आमी दोघंबी मूळचे मेंढरंवालेच. आमच्या आज्यानं जमीन धरली, ते अजून कळप राखून व्हते. म्हातारीला घोंगडी आणली व्हती त्यांनी, स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची. ओट्याजवळ उभं राहून चेष्टा केली, "काय आबा, आता सैपाक उभ्यानं, मग जेवायचंबी उभ्यानंच का?" हसलो सगळे. तेवढ्यात म्हातारीनं त्यांना ती ओली भिंत दाखवली. बापासमोर. तवा संगीता एवढंच म्हणली, अगदी हळू, "आबा, ढाळ तर उलटा नसंल ना?"

काय सांगायचं व्हतं मला? "व्हय" — एक शब्द. जीभ झिजली नसती.

मी म्हणलो, "तुझ्या बापाच्या घरी तीन दगडांवर सैपाक. तू मला ओट्याचा ढाळ शिकवतीस?"

संगीता भांडी घासायला मागं गेली. व्याह्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मलाच म्हणले, "पोरीचं चुकलं, आबा. मनावर घेऊ नका."

आणि मी ते घेतलं. मान हलवली — जशी काय माफी केली मी त्यांना.

त्यानंतर ते यायचे, पण ओसरीवरूनच पोरीला भेटून जायचे. चहा बाहेर मागायचे. गेल्या साली वारले. दहाव्याला मी गेलो व्हतो, पुढंच बसलो व्हतो. ते जिवंत व्हते तवा राजुरी काय दूर व्हती का? एस्टी येते-जाते. मी गेलो नाय.

यंदा दिवाळीच्या आधी बघतो तर भिंत कोरडी. जवळ जाऊन हात फिरवला. ओट्यावर कोपऱ्यात पांढऱ्या शिमिटाचा थर दिलेला, तिथं जाड, सिंककडं येता येता बारीक. वाफ्यात पाणी वळवायला बांध घालावा तसा. बोटांचे ठसे राहिले व्हते त्यात, बारीक, बाईमाणसाचे. पाणी टाकून बघितलं. नीट सिंकात गेलं. कधी केलं, कुणाला ठाऊक. बोलली नाय ती, आणि मी विचारलं नाय.

म्हातारीला ती कोरडी भिंत दिसली. शेजारणी बसल्या व्हत्या, त्यांना म्हणली, "इतक्या वर्सांनी हाताला वळण लागलं बघा आमच्या सुनेच्या." मग माझ्याकडं वळून म्हणली, "व्हय का नाय वो?"

संगीता तिथंच पीठ मळत व्हती. तिनं वर बघितलं नाय.

मी म्हणलो, "व्हय. सुधारली."